ड्रायव्हर, कंडक्टर आणि विजारीचा घेर

दुमजली बस आहे. ड्रायव्हर आपल्या जागेवर बसून दिवसभर बस चालवतो. कंडक्टर तिकिटे देत खालून वर, वरून खाली जिना चढत-उतरत असतो. दोघे एकाच खात्यात नोकरीला, दोघांचे राहणीमान साधारण सारखे. या दोघांपैकी हृदयविकाराचा धोका कोणाला जास्त असेल? आणि का?

एका शिक्षक-शिबिरात आम्ही हा प्रश्न फळ्यावर लिहिला होता. बहुतेकांनी ‘ड्रायव्हरला’ असे उत्तर दिले आणि ते बरोबरही होते. पण कारण विचारल्यावर मतभेद सुरू झाले. एक बाई म्हणाल्या, “रहदारीचा ताण. सतत जीव मुठीत धरून गाडी चालवायची म्हणजे हृदयावर परिणाम होणारच.” दुसऱ्या एका सरांचे म्हणणे पडले की बसून बसून वजन वाढते, बाकी काही नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरून शंका आली, “पण मुळात ज्याला फार हालचाल नको असते तोच ड्रायव्हर होत असेल तर? मग दोष बसण्याचा कसा?”

गंमत म्हणजे नेमक्या याच तीन शंका सत्तर वर्षांपूर्वी लंडनमधील काही संशोधकांपुढेही उभ्या होत्या. त्यांनी त्या कशा तपासल्या, ही हकीकत वैज्ञानिक विचारपद्धतीचा उत्तम नमुना आहे. शिवाय आपल्या वर्गाशी आणि आपल्या स्वतःच्या खुर्चीशी तिचा जवळचा संबंध आहे.

लंडनच्या बसगाड्या

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये मध्यमवयीन पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढत होते. कारण नीटसे कळत नव्हते. १९४८ साली तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेने सामाजिक वैद्यकाचा अभ्यास करणारा एक विभाग सुरू केला. जेरी मॉरिस (१९१०–२००९) हे त्याचे प्रमुख. महायुद्धाच्या काळात त्यांनी सैन्यातील डॉक्टर म्हणून भारतातही काम केले होते. रोगाचे मूळ केवळ रुग्णाच्या शरीरात न शोधता त्याच्या रोजच्या कामात शोधावे, असा त्यांचा विचार होता. त्यासाठी निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांची तुलना करायचे ठरले.

लंडनची सार्वजनिक वाहतूक या कामाला सोयीची होती. ३५ ते ६४ वर्षे वयाचे सुमारे ३१,००० पुरुष तेथे नोकरीला होते आणि प्रत्येकाच्या आजारपणाच्या रजांची व मृत्यूची नोंद खात्याकडे होती. संशोधकांनी बसमध्ये बसून कामाचे निरीक्षणही केले. ड्रायव्हर कामाच्या वेळेपैकी सुमारे ९० टक्के वेळ बसून असे. कंडक्टर दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे.

मुंबईच्या वाचकांना हे चित्र डोळ्यांपुढे आणायला अडचण पडू नये. मुंबईत दुमजली बस १९३७ साली आली आणि जुन्या डिझेलच्या दुमजली गाड्या २०२३ साली रस्त्यावरून गेल्या. चालत्या बसचा तो अरुंद, वळणदार जिना तिकिटांची पेटी सांभाळत चढणारा कंडक्टर अनेकांनी पाहिलेला असेल.

लंडनमधील १९४९-५० या दोन वर्षांच्या नोंदींतून जे आढळले ते १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वर्षाला दर हजारी २.७ ड्रायव्हरांना हृदयविकार होत होता. कंडक्टरांमध्ये हेच प्रमाण १.९ होते. कंडक्टरांना हा विकार झालाच तर तो तुलनेने उशिरा आणि सौम्य स्वरूपात होत होता. छातीत कळ येण्यावर बरेचदा निभावत होते. पहिल्याच झटक्यात किंवा त्यानंतर लवकरच दगावणाऱ्यांचे प्रमाण मात्र ड्रायव्हरांमध्ये कंडक्टरांच्या सुमारे दुप्पट होते.

हे आकडे वाचताना थोडे थांबायला हवे. २.७ भागिले १.९ केले तर उत्तर सुमारे १.४ येते, म्हणजे ‘ड्रायव्हरांना धोका चाळीस टक्के जास्त’ असे म्हणता येईल. वर्तमानपत्रात असाच मथळा येईल. पण दहा हजार माणसे घेतली तर वर्षभरात ड्रायव्हरांपैकी २७ आणि कंडक्टरांपैकी १९ जण आजारी पडले, फरक आठांचा. दोन्ही विधाने खरी आहेत. पहिल्यावरून कारणाचा माग लागतो, तर दुसऱ्यावरून एकेका माणसाने किती घाबरायचे ते कळते. शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे.

शंका पहिली : ताणाचे काय?

पहिले आकडे हाती आले तेव्हा मॉरिस यांनी ते प्रसिद्ध करण्याची घाई केली नाही. लंडनच्या गर्दीत बस हाकणे म्हणजे ताण आलाच. मग रोगाचे कारण बसणे की ताण, हे एकाच व्यवसायाकडे पाहून सांगता येणार नव्हते. जेथे रहदारीचा प्रश्नच नाही अशी दुसरी जोडी हवी होती.

ती टपालखात्यात सापडली. एकीकडे पायी किंवा सायकलने घरोघर पत्रे वाटणारे पोस्टमन, दुसरीकडे बसून काम करणारे कारकून व टेलिफोन ऑपरेटर. येथेही तेच दिसले. पोस्टमनांमध्ये हृदयविकार कमी आणि बैठ्या कामवाल्यांमध्ये जास्त होता. ताणाचा परिणाम होत नाही असे यावरून सिद्ध झाले नाही. पण ड्रायव्हर आणि कंडक्टर यांच्यातील फरक केवळ रहदारीच्या ताणाने समजावून सांगता येणार नाही, एवढे नक्की झाले.

शंका दुसरी : लठ्ठपणाचे काय?

या शंकेचे उत्तर शोधण्यासाठी सगळ्या कर्मचाऱ्यांची कंबर मोजायला हवी होती, आणि तीही मागच्या अनेक वर्षांची. गेलेली वर्षे कशी मोजणार? मॉरिस आणि त्यांचे सहकारी हेडी व रॅफल यांनी मग शिंप्याची वही उघडली. खात्यातर्फे प्रत्येकाला गणवेश मिळत असे आणि तो शिवण्यासाठी घेतलेली कंबरेची व पायाची मापे नोंदलेली होती. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाला त्यांनी ‘गणवेशांचे साथरोगशास्त्र’ असे गमतीदार उपशीर्षक दिले.

विजारींनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे, प्रत्येक वयोगटात ड्रायव्हरांच्या विजारीचा घेर कंडक्टरांपेक्षा मोठा होता. अगदी तरुण वयातसुद्धा! म्हणजे काही फरक माणसे नोकरीला येतानाच घेऊन येत होती. शिबिरातल्या मागच्या बाकाची शंका अगदीच पोकळ नव्हती तर.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. संशोधकांनी बारीक, मध्यम आणि जाड असे गट पाडले व प्रत्येक गटात ड्रायव्हरांची तुलना त्याच बांध्याच्या कंडक्टरांशी केली. तरीही हृदयविकाराने अचानक होणारे मृत्यू प्रत्येक गटात ड्रायव्हरांमध्येच अधिक होते. बारीक ड्रायव्हर बारीक कंडक्टरपेक्षा अधिक धोक्यात होता आणि जाड ड्रायव्हर जाड कंडक्टरपेक्षा. तेव्हा लठ्ठपणा हे कारणाचा एक भाग असेल, सगळे कारण नव्हे. पुढे १९६६ सालच्या अभ्यासात ड्रायव्हरांचा रक्तदाब आणि रक्तातील कोलेस्टेरॉल हेही जास्त आढळले.

शंका तिसरी : मुळातली माणसेच वेगळी असतील तर?

ही शंका पुरती फिटायला सर्वांत अवघड. खरा प्रयोग करायचा तर चिठ्ठ्या टाकून काहींना ड्रायव्हर आणि काहींना कंडक्टर करायला हवे आणि मग वीस वर्षे वाट पाहायला हवी. ते शक्य नाही. मॉरिस यांना याची जाणीव होती, म्हणून १९५३ च्या लेखात त्यांनी आपल्या निष्कर्षाला ‘गृहीतक’च म्हटले होते.

मग त्यांनी तुलनेची दिशा बदलली. आता सगळेच बैठे काम करणारे घ्यायचे आणि मोकळ्या वेळात ते काय करतात ते पाहायचे. १९६८ पासून सुमारे १७,००० सरकारी नोकरांनी एका सोमवारी सकाळी आधीच्या शुक्रवार-शनिवारी काय काय केले ते लिहून दिले. काम सर्वांचे टेबलापाशीचेच होते. १९७३ साली निष्कर्ष आले. मोकळ्या वेळात दम लागेल असा खेळ, पोहणे, जोरकस व्यायाम किंवा तसे अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे एक-तृतीयांश होता. नोकरी एकच, फरक हालचालीचा.

यातही आधीच निरोगी असलेली माणसेच व्यायाम करत असतील, ही शक्यता थोडी उरतेच. परंतु निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या व्यवसायांत पुन्हा पुन्हा तेच आढळू लागले, तेव्हा गृहीतकाचे वजन वाढत गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीत ओझी वाहणाऱ्या कामगारांवर राल्फ पॅफेनबार्गर यांनी केलेला अभ्यासही त्याच दिशेने बोट दाखवत होता. एका अचूक प्रयोगाने नव्हे, तर अनेक अपुऱ्या पुराव्यांनी एकमेकांना आधार देत सिद्ध होणारी सत्ये विज्ञानात असतात, हे मुलांना सांगायची ही चांगली संधी आहे.

सहाशे पायऱ्यांची किंमत एक पोळी

आता एक गणित करू. कंडक्टरचे वजन ६० किलोग्रॅम, पायरीची उंची २० सेंटिमीटर आणि दिवसाच्या पायऱ्या ६०० धरू. म्हणजे तो दिवसभरात १२० मीटर उंच चढला. त्यासाठी केलेले कार्य ६० × ९.८ × १२० म्हणजे सुमारे ७०,००० जूल झाले. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेच्या साधारण पाव भागाचेच कार्यात रूपांतर करतात. म्हणून खर्च चौपट, सुमारे २,८०,००० जूल. कॅलरीच्या भाषेत सांगायचे तर ६५-७० किलोकॅलरी. एका पोळीतून मिळतात त्यापेक्षा या कमीच भरतील!

उतरण्याचा आणि उभे राहण्याचा खर्च यात धरलेला नाही, तरीही हिशेब बुचकळ्यात टाकणारा आहे. एवढ्याशा खर्चाने हृदयाला इतका फायदा कसा? याचा अर्थ, फायदा केवळ कॅलरी जाळण्यात नसावा. मग तो कशात आहे?

आपल्या शरीरातील सर्वांत मोठे स्नायू मांड्यांचे, नितंबांचे आणि पोटऱ्यांचे. खुर्चीवर बसलो की ते जवळजवळ काम थांबवतात. स्वस्थ बसलेले असताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते तिला १ मानले, तर सावकाश चालताना ती साधारण तिप्पट होते. जागेपणी बसून, रेलून किंवा पडून, दीडपटीपेक्षा अधिक ऊर्जा न लागणारे जे काही आपण करतो त्याला आता ‘बैठे वर्तन’ म्हणतात. व्यायाम न करणे आणि बैठे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून ध्यानात येईल. सकाळी तासभर फिरणारा माणूस उरलेला दिवस अगदी बैठा घालवू शकतो.

स्नायू थांबले की तीन गोष्टी घडतात. आकुंचन पावणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो आणि यासाठी त्याला इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. तो थांबला की जेवणानंतरची साखर रक्तात अधिक काळ रेंगाळते. दुसरे म्हणजे, स्नायूंमधील केशवाहिन्यांच्या भिंतींवर रक्तातील मेद फोडणारे एक विकर असते. पाय हलेनासे केल्यावर उंदरांमध्ये त्याचे काम झपाट्याने मंदावते, असे प्रयोगांत आढळले आहे.

तिसरी गोष्ट रक्तवाहिन्यांच्या अस्तराची. रक्त वेगाने वाहते तेव्हा ते अस्तराला घासत जाते. या घर्षणामुळे अस्तरातील पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करतात आणि रक्तवाहिनी सैलावते. (शरीरातील या वायूच्या कार्याच्या शोधाला १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते.) बसल्यावर पायांतला प्रवाह मंदावतो. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात सौरभ ठोसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही निरोगी पुरुषांना सलग तीन तास बसवून मांडीतील धमनीची सैलावण्याची क्षमता मोजली. तासाभरातच ती निम्म्यापर्यंत घटली. मात्र दर तासाला पाच मिनिटे चालायला लावले तेव्हा ती घटली नाही. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला.

एका दिवसाच्या बसण्याने कोणाला हृदयविकार होत नाही. पण रोजच काही तास साखर, मेद आणि अस्तर यांची घडी अशी विस्कटत राहिली, तर करोनरी धमन्यांमध्ये, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमन्यांमध्ये, मेदाचे थर साठायला अनुकूल परिस्थिती तयार होते.

किती बसलो आणि कसे बसलो

म्हणूनच आता ‘किती तास बसलो’ याबरोबर ‘सलग किती वेळ बसलो’ हेही विचारले जाते. ऑस्ट्रेलियात २०१२ साली वजन जास्त असलेल्या १९ प्रौढांवर एक प्रयोग झाला. सर्वांना गोड पेय देऊन पाच तास बसवले. ज्या दिवशी दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे चालवले, त्या दिवशी रक्तातील साखरेची वाढ सलग बसण्याच्या दिवसापेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी झाली. कंडक्टरच्या कामात असे तुकडे आपोआपच पडत होते. प्रत्येक थांब्यागणिक त्याला उठावे लागत होते.

मग सकाळचे फिरणे वाया जाते का? मुळीच नाही. दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१६ साली प्रसिद्ध झाले. रोज आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांमध्ये लवकर मृत्यूचा जो वाढीव धोका दिसतो, तो रोज ६० ते ७५ मिनिटे झपझप चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांमध्ये दिसला नाही. एवढा वेळ सर्वांना जमेलच असे नाही. त्यांनी बसण्याचे तुकडे पाडावेत, हे बरे.

येथे शिक्षकांसाठी एक इशारा. उभे राहणे म्हणजे हालचाल नव्हे. फळ्यापाशी तासन्‌तास एकाच जागी उभे राहिल्याने पायांच्या शिरा फुगण्याचा त्रास संभवतो. कंडक्टरचे हृदय नुसत्या उभे राहण्याने सुधारले नव्हते, ते चढण्या-उतरण्याने सुधारले होते.

आणखी एक रंजक माहिती. टांझानियातील हाडझा हे शिकार व कंदमुळांवर जगणारे लोक दिवसाचे सुमारे दहा तास विश्रांतीत घालवतात, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. तरीही त्यांच्यात हृदयविकाराची लक्षणे फारशी दिसत नाहीत. एक तर ते उरलेल्या वेळात भरपूर हालचाल करतात. शिवाय विश्रांतीचा बराच वेळ ते उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसतात आणि त्यात पायांचे स्नायू थोडेफार काम करत राहतात. आपल्याकडचे जमिनीवर बसणे-उठणे खुर्च्यांमुळे सुटत चालले आहे, त्याची येथे आठवण होते.

करून पाहा

वर्गात आलेखाच्या कागदावर ९६ चौकोनांची एक पट्टी आखायला सांगा. एक चौकोन म्हणजे पंधरा मिनिटे, म्हणजे पूर्ण दिवस होतो. झोप निळी, बसणे लाल आणि हालचाल हिरवी. मुलांनी एका शाळेच्या दिवसाची आणि एका रविवारची पट्टी रंगवावी. शिक्षकांनी स्वतःचीही रंगवावी. मग दोन आकडे काढायचे : लाल चौकोन एकूण किती, आणि न तुटलेली सर्वांत लांब लाल रांग केवढी. दोन मुलांचे लाल चौकोन सारखे असूनही रांगा अगदी वेगळ्या निघू शकतात. ‘कसे बसलो’ म्हणजे काय, ते त्यातून आपोआप समजते.

मात्र कोणाच्या कंबरेचा घेर किंवा वजन वर्गात मोजू नये. लंडनच्या विजारी वहीतच मोजल्या होत्या, चारचौघांत नव्हे.

दोष कोणाचा?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथील १४,००० हून अधिक प्रौढांपैकी ५४ टक्के लोक पुरेशी हालचाल करत नव्हते. अशा आकड्यांवर ‘लोक आळशी झाले’ अशी प्रतिक्रिया सहज उमटते. पण ड्रायव्हर आळशी होता का? तो तर दिवसभर राबत होता. त्याला बसवले होते त्याच्या कामाने. कंडक्टरनेही पायऱ्या हृदयासाठी चढल्या नव्हत्या, त्याला वरच्या मजल्यावरचे तिकीट फाडायचे होते. हालचाल त्याच्या कामातच विणलेली होती. ती काढून घेतली की मग माणसाला ती मोकळ्या वेळात, स्वतःच्या निश्चयावर मिळवावी लागते. तो मोकळा वेळ सर्वांना सारखा मिळत नाही.

शाळेचे वेळापत्रक तर आपल्याच हातात असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशा हालचालीची शिफारस केली आहे. धमन्यांमधील बदलांची सुरुवात लहान वयातच होऊ शकते, त्यामुळे ही शिफारस ‘मोठेपणी बघू’ म्हणून टाकून देण्यासारखी नाही. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला देण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हीही तसे तास घेतले आहेत.

शिबिराच्या शेवटी त्या मागच्या बाकावरच्या शिक्षकांनी आणखी एक शंका काढली. “तीन तास झाले, तुम्ही आम्हाला एकदाही उठवलं नाहीत.” आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही सर्वांना उठवले आणि उरलेली चर्चा मैदानाला फेऱ्या मारत केली. वर्गात पाऊल टाकताच ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हणण्याची आपल्याला सवय आहे. दर तासाला एकदा ती घडी सोडवण्याची सवयही लावून घेता येईल.